आयने पाहिलेला कंदील

माझा एक नातू अलिबागला कराटे शिकवतो. दुसरा मुंबईत असतो. सुट्टी लागली की तो मित्रांबरोबर डोंगरात जातो आणि तिथे कसली तरी पानं, कसल्या तरी गोळ्या खाऊन देव बघतो. हे त्याने मला स्वतः सांगितलं, लाजला नाही. म्हणाला, आजी, तुला नाही कळणार, सगळं एक होऊन जातं, झाडं श्वास घेताना दिसतात. मी म्हटलं, झाडं श्वास घेतातच, मला शाळेत शिकवलंय. पण त्याच्या बोलण्याचं मला हसू आलं नाही. माझ्या आयने एकदा असलंच खाल्लं होतं. तिला देव दिसला नाही, माणूस दिसला. त्या माणसाचं नाव तिने घेतलं आणि आमच्या वाडीतली पोरं काठ्या घेऊन त्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. त्या पोरांत सगळ्यात पुढे माझा सख्खा भाऊ होता. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर लिहिता येतं. देवाधर्माबद्दल, मारामारीबद्दल आणि नशेबद्दल मला जे वाटतं ते त्या दिवसापासून वाटतं, म्हणून तो दिवस आधी सांगते.

आमची कोळ्यांची वाडी रेवदंड्याच्या खाडीला धरून होती. घर कुडाचं, पुढे बोंबील टांगायचे बांबू. वाऱ्यावर वाळलेले बोंबील एकमेकांवर आपटले की कागद चुरगळावा तसा आवाज येई, आणि तो थांबला की आम्हाला झोपेतसुद्धा कळे की वारा पडला. घरात बा, आय, माझा मोठा भाऊ जनू, मी, आणि बाचा थोरला भाऊ धर्माकाका. काकाने लग्न केलं नव्हतं. सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळा, दुपारी भाकरी आणि जे जाळ्यात आलं त्याचं आंबट. आयच्या हाताला चव होती असं सगळे म्हणतात तसं मी म्हणणार नाही. तिचं मीठ नेहमी जास्त पडे आणि कोणी बोललं तर ती म्हणे, समुद्रावर राहता ना, मग. बा मचव्याचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीचा, नाखवा. समुद्रावर तो काय बोलत असेल कोण जाणे, घरात त्याचं बोलणं इतकं कमी की तो आला आहे हे त्याच्या ओल्या धोतराच्या वासावरून कळायचं.

खाडीच्या पलीकडे किरिस्तांवांची वाडी होती. तिथून मारीबाय डोक्यावर पावाची टोपली घेऊन यायची आणि पावाच्या बदल्यात सुकी मासळी न्यायची. तिचा मुलगा पास्कू होडकं वल्हवायचा. भरतीला कुणाच्याही होडीतून पलीकडे जाता यायचं, पण ओहोटीला आमच्या सगळ्या होड्या चिखलात बसत, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यातून फक्त पास्कूचं चपट्या बुडाचं होडकं ये-जा करी. त्याच्या हातात वल्हं नसेल तेव्हा पाव असे, आणि पाव नसेल तेव्हा विडी. मारीबाय आमच्याशी आमच्यासारखीच बोले, पण मायलेक एकमेकांशी बोलत तेव्हा त्यांची ती जुनी पोर्तुगीज वळणाची बोली, आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. आय तिला चिडवायची, माझ्या तोंडावर मला शिव्या देतेस ना गं. मारीबाय म्हणायची, शिव्या मराठीत देते, तुला कळायला नकोत? दोघी ओट्यावर बसून तंबाखू मळत आणि हसत. सांगायचं हे की त्या घराशी आमचं वैर सोडा, साधा रुसवाही नव्हता.

धर्माकाका तरुणपणी आगबोटींवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायचं काम. एडन, पोर्ट सैद, शांघाय, सगळं हिंडून आला आणि आल्यावर वाडीत त्याने काठी शिकवायला सुरुवात केली. देवळामागे जमीन सारवून, तांबडी माती टाकून आखाडा केला होता. संध्याकाळी काठ्यांचा खणखणाट सुरू झाला की आय म्हणे, लागले वांझोटे उद्योग. मुलींना आत जायची परवानगी नव्हती, पण भोवतीच्या कुडाला भोक होतं, तिथून मी बघे. काकाचे नियम कडक. काठी घेताना आधी तिला हात लावून कपाळाला लावायचा, आणि जमिनीवर पडलेली काठी कधी ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. चुकून कोणी ओलांडली तर त्या दिवशी त्याला माती झाडत बसावं लागे. आताचे शिकवणारे सांगतात, आम्ही मन शांत करायला शिकवतो. काका असलं काही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, न शिकलेला माणूस मारतो तेव्हा कुठे लागेल ते त्याला कळत नाही आणि समोरचा मरतो. शिकलेल्याला ठरवता येतं. एक मनगटाची पकड त्याला बोटीवरच्या एका चिनी खलाशाने शिकवली होती, तिला सगळे चिनी पकड म्हणत. पुढे चीनशी लढाई लागली तेव्हा पोरं म्हणाली, काका, नाव बदला. काकाने सांगितलं, नाव बदला हवं तर, मनगट तेच राहील.

तर ते थंडीचे दिवस होते आणि गोवा घेणार, गोवा घेणार असं चाललं होतं. रेवदंड्याच्या रस्त्यावर एका हॉटेलात रेडिओ होता. बाकड्यावर चहा घेत माणसं बातम्या ऐकत आणि वाडीत येऊन त्या वाढवून सांगत. पोर्तुगीजांची लढाऊ जहाजं निघाली, कोळ्यांचे मचवे धरून नेतात, किनाऱ्यावर त्यांची माणसं पेरलेली आहेत. कोणी तरी म्हणालं, पलीकडचे तर अजून त्यांच्याच भाषेत देवाची प्रार्थना करतात. हे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात ते नवीन कळल्यासारखं सांगितलं जाऊ लागलं. माझं मत विचाराल तर गोवा घेतला ते योग्यच झालं, फार आधी घ्यायला हवा होता. पण मोठे देश भांडायला लागले की त्यांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही, आणि मग मार बसतो तो पाव विकायला येणाऱ्याला. पुढे चीनच्या वेळी, पाकिस्तानच्या वेळी हेच पाहिलं, फक्त पाववाल्याच्या जागी दुसरं कोणी.

त्यातच बाचा मचवा आला नाही. बा आणि दोन खलाशी, उद्या दुपारपर्यंत येतो म्हणून गेले होते. त्या रात्री मतलई वारा सुटला, म्हणजे जमिनीकडून समुद्रात ढकलणारा, आणि थंडीतला तो वारा शीड फाडून टाकतो. दुसऱ्या दिवशी बाकीचे मचवे कसेबसे लागले. बाला शेवटी कोणी पाहिलं ते कोणालाच नीट सांगता येईना. आमच्यात मचवा उशीर करू लागला की घरातली चूल विझू द्यायची नाही आणि नाखव्याच्या बायकोने केस विंचरायचे नाहीत. आय केस मोकळे सोडून ओट्यावर बसली, तोंड समुद्राकडे. मी चुलीत लाकडं घालत राहिले. चुलीवर शिजवायला काही नव्हतं, नुसता जाळ. खलाशांच्या बायका येऊन बसत, उठून जात. मारीबाय आली, टोपली खाली ठेवली, आयचा हात धरून बसली. पास्कूही त्या दिवशी अंगणात उभा होता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आयने नीट पाहिलेलं शेवटचं वाडीबाहेरचं माणूस तोच. जनू धक्क्यावरून हलत नव्हता. तो एकोणीस-वीस वर्षांचा होता, बाने त्या खेपेला त्याला नेलं नव्हतं, कारण आदल्या दिवशी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. ते त्याच्या डोक्यात किड्यासारखं फिरत असणार, पण तो बोलला नाही. बाचाच मुलगा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायका म्हणाल्या, महादू भगताला विचारू. महादू भगताच्या अंगात वारं यायचं. तो घुमायला लागला की हरवलेली वस्तू, केलेली करणी, बुडालेलं माणूस, सगळं सांगायचा. धर्माकाका त्याला तोंडावर ढोंगी म्हणायचा, पण महादू ढोंगी नव्हता. त्याला खरंच काहीतरी होत असे, आणि जे होई ते चिलमीतून होई. गांज्यात तो धोतऱ्याचं बी घालायचा. ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण धोतरा शंकराचा. मीही धोतऱ्याला वाईट म्हणत नाही, दम्याच्या माणसाला त्याच्या पानांचा धूर देत, त्याने छाती मोकळी होताना मी पाहिली आहे. पण झाड ते झाड. त्याला बाचा मचवा कुठे आहे हे कसं ठाऊक असणार, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. विचारायची सोय नव्हती.

काका त्या वेळी हॉटेलात रेडिओ ऐकायला गेला होता, किनाऱ्यावरच्या मचव्यांची काही बातमी लागते का बघायला. तो घरी असता तर आयला जाऊ दिलं नसतं, म्हणूनच बायकांनी ती वेळ साधली असावी. आम्ही महादूच्या घरी गेलो. महादू घुमला, पण त्याच्या तोंडून धड काही येईना. पाणी, पाणी, अंधार, एवढंच. शेवटी तो म्हणाला, माझ्याच्याने दिसत न्हाय, नाखवीण तूच बघ, नवरा तुझा हाय. आणि त्याने धोतऱ्याचं बी गुळात कालवून केलेला प्रसाद तिच्या हातावर ठेवला. एरवी तो नखाएवढा देत असे. त्या दिवशी किती दिला देव जाणे. आयने तो तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायली. मी शेजारी होते. ती मला म्हणाली, कडू हाय गं. बस, तेवढंच माझ्या आयचं त्या दिवशीचं शहाणं बोलणं.

थोड्या वेळाने तिचा चेहरा लाल झाला. ओठ कोरडे पडले, ती जिभेने ओलावायचा प्रयत्न करी आणि जीभच कोरडी. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली की डोळ्यांत काळ्याशिवाय काही उरलं नाही. ती हवेतून काहीतरी वेचत होती, जाळ्यातली घाण वेचावी तसं. मला म्हणाली, पोरी, तू कोणाची? मग माझ्या मेलेल्या मावशीशी बोलायला लागली, तिला पाट दिला, जेव म्हणाली. मग मला म्हणाली, धर्मा बुडाला ना गं, कवा बुडाला? मी घाबरले. बायका मात्र पुढे सरकल्या. महादूने विचारलं, नाखवा दिसतो काय? आय म्हणाली, कंदील दिसतो. कुठे? डोंगरावर. कोण धरलाय? आयने मान वाकडी करून नीट पाहिलं, समोर नुसता कुड होता, आणि म्हणाली, पास्कू. पास्कू कंदील हलवतो. समुद्राकडे हलवतो.

इतकंच ती म्हणाली. पुढचं सगळं दारात उभ्या असलेल्या पोरांनी जुळवलं, आणि जुळवायला त्यांना तंबाखू मळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. डोंगरावरून कंदील हलवायचा तो कोणाला? पोर्तुगीजांच्या जहाजाला. मचवे कोण धरतं? तेच. मी ओरडून सांगितलं, ती मेलेल्या मावशीशी पण बोलते, धर्माकाका बुडाला म्हणते, तिचं काय खरं धरता. एका म्हाताऱ्याने मला दटावलं, मेलेल्यांशी बोलते म्हणजे देव अंगात पुरता आलाय. मी जे खोटेपणाचा पुरावा म्हणून सांगितलं, तीच त्याने देवाची खूण केली. देव असेल. मी नाही म्हणत नाही, दिवा लावते. पण असला तर तो माणसाच्या तोंडून बोलत नाही, हे मी तेव्हापासून धरून चालले आहे, आणि त्यात माझं काही अडलं नाही.

जनू धक्क्यावरून येऊन गर्दीत मागे उभा होता. त्याने आयकडे पाहिलं, वळला आणि आखाड्यात गेला. त्याच्यामागे आठ-दहा पोरं. त्यांनी काठ्या घेतल्या. कपाळाला हात लावायला ती विसरली नाहीत, ते मी पाहिलं. मी हॉटेलाकडे धावले. काका बाकड्यावर रेडिओला कान लावून बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं, कंदील, पास्कू, काठ्या, आणि आय तुम्हाला बुडालेला म्हणते हेही. त्याने चहा अर्धा टाकला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि निघाला. धावला नाही. मीच त्याच्याबरोबर धावत होते.

ओहोटी पुरती लागली होती. आमच्या होड्या चिखलात आडव्या पडलेल्या. पोरांना पलीकडे जायचं होतं, पण न्यायला होडकं एकच, आणि ते पास्कूचं. तेव्हा ती वाट बघत होती, की तो येईल. वाडीतून धक्क्याकडे तिवरांच्या झाडीतून एक अरुंद बांध जात असे, दोन्ही बाजूंना मांडीएवढा चिखल. पोरं बांधावर एकामागे एक उभी होती आणि खाडीच्या मध्यावर पास्कू वल्हवत येत होता, पुढे मारीबाय टोपली मांडीवर घेऊन बसलेली. तिने आम्हाला पाहून हात केला. एवढी माणसं जमलेली पाहून तिला वाटलं असणार, मचवा लागला.

मी काकाला म्हटलं, मी ओरडते, मागे जा म्हणून सांगते. तो म्हणाला, "नको. वळला तर ही म्हणतील पळाला. मग उद्या घरात शिरून मारतील."

तो पोरांना बाजूला सारत, चिखलात एक पाय टाकत, सगळ्यांच्या पुढे गेला. जनू आणि धक्का यांच्या मध्ये उभा राहिला. आणि त्याने आपली काठी बांधावर आडवी ठेवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि स्वतः तिच्या पलीकडे रिकाम्या हाताने उभा राहिला. म्हणाला, ज्याला पुढे यायचंय त्याने ही ओलांडून यावं. वळसा घालायला जागा नव्हती. पोरं काठीकडे बघू लागली. बाहेरच्या माणसाला हे पोरखेळ वाटेल. पण लहानपणापासून ज्या पायांनी ती काठी चुकवली ते पाय सहजासहजी उचलत नाहीत. मागची दोन-तीन पोरं तर तिथूनच मागे सरकली. पास्कूच्या वल्ह्याचा आवाज आता ऐकू येत होता, लाकडावर लाकूड, मग पाणी.

जनू म्हणाला, "काका, तुझा भाऊस हाय. पण माझा बा हाय."

"व्हय. म्हणून तुला एकट्याला सांगतो, मागे जा."

"आयने बघितलाय त्याला."

"तुझ्या आयने मना पण बघितलाय. बुडालेला. मी बुडालोय काय?"

जनूचे डोळे काकावर नव्हतेच, मागे होडक्यावर होते. होडकं धक्क्याला टेकायला चार हात राहिले असतील. जनूने पाय उचलला आणि काठी ओलांडली. मागच्या पोरांच्या तोंडून काहीतरी निघालं. जनूने आपली काठी वर उचलली, काकावर की पास्कूवर ते त्यालाही ठाऊक नसेल. काका पुढे झाला, त्याने ते मनगट धरलं, वळवलं, आणि थांबला. तो थांबला हे मी शपथेवर सांगते. त्याने म्हटलं, "सोड काठी." जनूने सोडली नाही. काकाने पुन्हा म्हटलं, "सोड रे बाबा." जनूने दुसऱ्या हाताने काकाच्या तोंडावर मारलं. मग काकाने मनगट पुढे नेलं. आवाज फार मोठा झाला नाही. काठी चिखलात उभी रुतली आणि जनू खाली बसला.

तेवढ्यात पास्कू धक्क्यावर चढला. एवढ्या काठ्या, नाखव्याचा मुलगा हात पोटाशी धरून बसलाय आणि त्याच्या काकाच्या ओठातून रक्त येतंय. पास्कू पुढे आला, पोरांच्या हातातल्या काठ्यांतून सरळ आला, आणि जनूसमोर उकिडवा बसला. म्हणाला, "काय रे, पडलास?" मी जनूकडे बघत होते. डावा हात मोकळा होता, पास्कूचा गळा हाताच्या अंतरावर होता. जनू त्याच्याकडे बघत राहिला, खूप वेळ, निदान मला तो खूप वाटला. मग त्याने दात दाबून म्हटलं, "व्हय. पडलो."

मारीबायने पावावरचं फडकं काढून दिलं. पास्कूने होडक्यातली एक फळी मोडून मनगटाला दोन्ही बाजूंनी लावली आणि फडक्याने करकचून बांधली. ती बांधेपर्यंत बांधावर काकाशिवाय कोणी उरलं नव्हतं. काकाने आपली काठी उचलली, कपाळाला लावली, आणि तोंड धुवायला पाण्याकडे गेला. लोक पुढे म्हणत, धर्मा मोठा धीराचा माणूस. धीर होता, पण पुतण्याचं मनगट त्यानेच मोडलं, तेही खरं. त्या दिवशी काठीविद्येचं सार्थक झालं असं मला नाही म्हणता येत. पोरांना काठी यायची म्हणून ती मारायला निघाली, आणि काकाला यायची म्हणून माणूस मेला नाही, मनगटावर भागलं. दोन्ही एकाच आखाड्यातून आलं.

बा दोन दिवसांनी आला, आणि आला तो रस्त्याने. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेलो आणि तो मागून, माडांमधून, दोन्ही खलाशांबरोबर चालत आला. डोलकाठी मोडली, वाऱ्याने खाली दक्षिणेला दूर ढकललं, तिकडच्या कोळ्यांनी ओढून काठाला लावलं. मचवा तिथेच टाकून ते माणगावपर्यंत आले आणि तिथे अडकले, कारण महामार्गावर गोव्याकडे निघालेल्या लष्कराच्या गाड्यांची नुसती रांग, एसटीला जागा नाही. पोर्तुगीज? बाने विचारलं, कुठले पोर्तुगीज? जनूचा बांधलेला हात त्याने पाहिला, कसा मोडला विचारलं. जनू म्हणाला, पडलो. बाने काकाच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. त्या दिवशी त्याने पोटभर जेवून घेतलं. मीठ जास्त होतं.

जनूचं मनगट वाकडंच जुळलं. जाळं ओढायला तो हात कामाचा राहिला नाही, मग तो नारळाच्या कामाला चौलला जाऊ लागला. काकाशी त्याने अबोला धरला नाही. कंदिलाची गोष्ट पास्कूला सांगितली ती त्यानेच, काही महिन्यांनी, विडी पेटवून घेताना. पास्कू काय म्हणाला ते जनूने मला सांगितलं नाही.

राहिली आय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती ताळ्यावर आली. मावशीला जेवायला वाढलेलं, मला न ओळखलेलं, काही तिला आठवत नव्हतं. कंदील मात्र आठवत होता. बाने समोर बसून तिला सगळं सांगितलं, वारा, डोलकाठी, माणगाव. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, असेल, तू सांगतोस म्हणजे तसंच असेल, पण मी बघितला. नातवाला मी हेच सांगते. खाऊन जे दिसतं ते खरं नसेल, पण दिसलेलं पुसता येत नाही, ते घरात राहायला येतं. आय मारीबायशी पूर्वीसारखीच बोले, तंबाखू मळे, हसे. पास्कू अंगणात आला की मात्र आत जाई. पाव मारीबायच्याच हातून घेई. पोराच्या हाताला बांधलेलं फडकं तिने स्वतः धुऊन, घडी घालून परत केलं, तेही मारीबायच्या हातात. अशी किती वर्षं गेली.

मारीबाय वारली. तेरा-चौदा दिवसांनी पास्कू एकटाच टोपली घेऊन आला. तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, आतल्या खाटेवरून मला दार दिसत होतं. आय ओट्यावर होती, उठायला लागली. पास्कू म्हणाला, "मावशी, बस. एक इचारतो. अजून मी तुला कंदील घेऊनच दिसतो काय?"

आय अर्धी उठलेली तशीच राहिली. मला वाटलं आत येईल. मग ती परत बसली.

"व्हय," ती म्हणाली. "मी तरी काय करू? दिसतोस."

"मग कंदील खाली ठेव म्हणून सांग की मना."

"सांगते रे. रोज सांगते. तू ठेवत न्हायस."

पास्कू हसला. आई जाऊन पंधरवडाच झालेला, तरी हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. आयने थोडा वेळ त्याला पुसू दिले. मग हात पुढे करून त्याच्या हातातून पाव घेतला, बोटाने दाबून पाहिला, आणि म्हणाली, "कालचा हाय हा."